धुरावरून मृत्यूचे अनुमान

सन १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला, तेव्हा त्याने आपले आगमन लपवून ठेवले नाही. मांडवीच्या वखारींतून उंदीर मरून पडू लागले, माणसांच्या काखेत व जांघेत गाठी आल्या, आणि पाहता पाहता लक्षावधी लोक बिऱ्हाडे बांधून आपापल्या गावी निघाले. पटकीची गोष्ट निराळी नव्हती. या रोगांना नाव होते, लक्षण होते आणि येण्याजाण्याची वेळही होती. त्यांच्या भयाने कोणी देवीला नवस करी, तर कोणी लस टोचून घेई. धुराने येणाऱ्या मरणाला यांतले काहीच नसते. धुराचा बळी खोकल्याने मरतो, दम्याने मरतो, हृदय बंद पडून मरतो. दाखल्यावर त्याच विकाराचे नाव लिहिले जाते, आणि धूर मात्र निर्दोष सुटतो.

डोंगरावर धूर दिसतो, त्याअर्थी तेथे अग्नी असला पाहिजे, हा न्यायशास्त्रातील अनुमानाचा दृष्टांत पाठशाळांतून पिढ्यान् पिढ्या घोकला गेला. अग्नी डोळ्यांआड असला तरी धूर त्याची साक्ष देतो. त्याच धुरामागे मृत्यूही उभा असतो, हे सिद्ध करावयास मात्र मनुष्याला शेकडो वर्षे लागली. मृत्यू दिसत होते, धूरही दिसत होता. परंतु दोहोंमधील संबंध डोळ्यांना दिसणारा नव्हता. तो अनुमानानेच काढावा लागला, आणि त्या अनुमानाचे साधन म्हणजे मृत्यूची नोंदवही. या सिद्धतेचा इतिहास मुख्यत्वेकरून एका शहराचा इतिहास आहे. ते शहर म्हणजे लंडन.

लंडनला दगडी कोळशाची ओळख तेराव्या शतकात झाली. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरून हा कोळसा गलबतांतून येई, म्हणून त्याला समुद्री कोळसा असे नाव पडले. त्याच्या धुराचा उग्र दर्प लोकांस प्रारंभापासूनच असह्य वाटला. सन १२५७ मध्ये राणी एलिनॉर ही नॉटिंगहॅम येथे मुक्कामास असता कोळशाच्या धुराने कंटाळून तेथून निघून गेल्याची नोंद आहे. पुढे पहिल्या एडवर्ड राजाने १३०६ मध्ये लंडनच्या भट्ट्यांत हा कोळसा जाळण्यास मनाई केली. मनाईचा उपयोग झाला नाही. जंगले विरळ होत गेली, लाकूड महाग झाले, आणि गरिबाला जो कोळसा नाइलाजाने घ्यावा लागला तो कालांतराने श्रीमंताच्या दिवाणखान्यातील शेगडीतही जाऊन बसला.

सतराव्या शतकाच्या मध्यास लंडनचे आकाश इतके काळवंडले की, जॉन एव्हलिन या विद्वान गृहस्थाने १६६१ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाला उद्देशून ‘फ्युमिफ्युजियम’ नावाची एक पुस्तिका लिहिली. धुरामुळे इमारती काळ्या पडतात, फळाफुलांचा नाश होतो, आणि नागरिकांच्या छातीत खोकला घर करतो, असे त्याचे म्हणणे होते. मद्य गाळणारे, रंगारी, चुना भाजणारे व साबण करणारे यांच्या भट्ट्या शहराबाहेर हलवाव्यात आणि शहराच्या कडेने सुगंधी झुडपे लावावीत, असा उपायही त्याने सुचविला. परंतु एक गोष्ट त्याने वगळली. घरांतील चुली दुर्बल आहेत, खरा दोष त्यांचा नव्हे, असे म्हणून त्याने घरगुती विस्तवाला मोकळे सोडले. ही सवलत पुढे जवळजवळ तीनशे वर्षे टिकली, आणि तिची किंमत फार मोठी पडली.

एव्हलिनच्या पुस्तिकेनंतर एकाच वर्षाने, १६६२ मध्ये, जॉन ग्राँट या लंडनच्या दुकानदाराचे एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध झाले. लंडनमध्ये दर आठवड्यास मृत्यूंच्या याद्या छापल्या जात. प्लेगचा जोर वाढला की धनिकांनी शहर केव्हा सोडावे, हे कळण्याकरिता त्या याद्या विकत घेतल्या जात. आठवडा सरला की रद्दीत जात. ग्राँटने त्या जुन्या याद्या एकत्र करून त्यांची बेरीज-वजाबाकी मांडली. शहरातील मृत्यूचे प्रमाण खेड्यांहून जास्त आहे असे त्यास दिसून आले, आणि त्याच्या कारणांत त्याने समुद्री कोळशाच्या धुराचाही उल्लेख केला. एव्हलिनपाशी तक्रार होती. ग्राँटने तिला हिशेबाची जोड दिली.

हा हिशेब नियमाने ठेवण्याची सोय व्हावयास आणखी पावणेदोनशे वर्षे जावी लागली. १ जुलै १८३७ पासून इंग्लंडात जन्म व मृत्यू यांची सरकारी नोंदणी सुरू झाली, आणि १८३९ मध्ये त्या खात्यात विल्यम फार हा वैद्य दाखल झाला. कोणत्या आठवड्यात, कोणत्या वस्तीत, कोणत्या रोगाने किती माणसे मेली, हे त्याच्या तक्त्यांवरून प्रथमच सलग दिसू लागले. पटकी पाण्यातून पसरते हे सिद्ध होण्यास जे तक्ते उपयोगी पडले, त्यांतच धुक्याचीही साक्ष नोंदली जात होती. डिसेंबर १८७३ मध्ये लंडनवर दाट धुके उतरले. इस्लिंग्टन येथे गुरांचे प्रदर्शन भरले होते. तेथील कित्येक धष्टपुष्ट जनावरे धापा टाकीत कोसळली. त्या धुक्याच्या आठवड्यात माणसांच्या मृत्यूंचा आकडाही एकाएकी चढला. १८८० च्या आरंभीच्या धुक्यात तेच घडले, आणि रोलो रसेल या हवामानाच्या अभ्यासकाने त्याच वर्षी पुस्तिका लिहून घरोघरच्या शेगड्यांकडे बोट दाखविले.

पुरावा असूनही हालचाल का झाली नाही, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. याची दोन कारणे संभवतात. धुके हा निसर्गाचा प्रकार आहे, त्याला कोण काय करणार, अशी समजूत होती हे एक. दुसरे कारण याहून खोल होते. गिरणीच्या धुराड्यातून निघणारा धूर म्हणजे मजुराची रोजी, आणि घराच्या धुराड्यातून निघणारा धूर म्हणजे कुटुंबाची ऊब, असे समीकरण लोकांच्या मनात बसले होते. इंग्रज मनुष्याला आपल्या शेगडीतील उघडा विस्तव हा देव्हाऱ्यासारखा प्रिय. त्याला कायद्याचा हात लावण्यास पार्लमेंट धजावत नसे. १८९१ च्या लंडन आरोग्य कायद्याने काळा धूर ओकणाऱ्या धुराड्यांवर दंड बसविला खरा, परंतु राहत्या घरांची धुराडी त्यातून वगळली. पुढे हिंदुस्थानात बंगालमध्ये १९०५ साली व मुंबई इलाख्यात १९१२ साली धुराच्या उपद्रवाविषयी कायदे झाले. त्यांचाही रोख कारखान्यांच्या भट्ट्यांवर होता. ‘स्मॉग’ हा धूर व धुके यांचा जोडशब्द १९०५ मध्ये डॉ. देव्हो यांनी रूढ केला. वस्तूला नाव मिळाले. तिच्याकडून होणाऱ्या हत्येला मात्र अजून मिळाले नव्हते.

ते नाव देण्याची पहिली पाळी बेल्जियमवर आली. लिएज शहराजवळ म्यूज नदीचे खोरे अरुंद असून दोन्ही बाजूंनी टेकड्या आहेत. त्या खोऱ्यात पोलाद, जस्त, काच, खते इत्यादींचे कारखाने एकास एक लागून होते. १ डिसेंबर १९३० पासून तेथे वारा थांबला आणि धुके साचले. तिसऱ्या दिवसापासून माणसे गुदमरू लागली, आणि धुके उठण्यापूर्वी सुमारे ६० जण मरण पावले. गुरेही दगावली. महायुद्धातील विषारी वायू कोठे तरी पुरून ठेवले होते ते बाहेर पडले, अशा वावड्या उठल्या. सरकारी चौकशी नेमण्यात आली, आणि लिएज विद्यापीठातील विकृतिशास्त्रज्ञ ज्यां फिर्के यांनी शवांची तपासणी केली. फुप्फुसांच्या अगदी आतल्या वायुकोशांपर्यंत काजळीचे सूक्ष्म कण जाऊन बसले होते. कोळशातील गंधकापासून झालेले वायू व आम्ल यांवर चौकशीने मुख्य ठपका ठेवला.

फिर्के यांनी येथेच न थांबता एक त्रैराशिक मांडले. म्यूजच्या खोऱ्यात एवढ्या वस्तीत एवढे मृत्यू झाले. तेच संकट लंडनसारख्या महानगरावर कोसळले तर सुमारे ३,२०० माणसे अकस्मात मरतील, असा इशारा त्यांनी दिला. इशारा छापला गेला, वाचला गेला आणि कपाटात ठेवला गेला.

अठरा वर्षांनंतर अमेरिकेतही याचीच पुनरावृत्ती झाली. पेन्सिल्व्हेनियातील डोनोरा हे सुमारे १४,००० वस्तीचे गाव, नदीच्या वळणावर टेकड्यांच्या कुशीत वसलेले. तेथे जस्ताचा व पोलादाचा कारखाना होता. २७ ऑक्टोबर १९४८ पासून तेथे धूर कोंडला. धुराची गावाला सवय होती, म्हणून नित्याचे व्यवहार चालूच राहिले. शनिवारी फुटबॉलचा सामनाही झाला. त्या शनिवारीच माणसे भराभर मरू लागली. रविवारी जस्ताच्या भट्ट्या थांबविण्यात आल्या आणि पाऊसही आला. तोवर २० जण मृत्युमुखी पडले होते आणि जवळजवळ ६,००० लोक आजारी झाले होते. लहान गावात प्रत्येक प्रेत ओळखीचे असते, म्हणून तेथे अनुमानाची फारशी गरज पडली नाही. महानगरात मात्र मृत्यू गर्दीत हरवतो.

लंडनची घटका भरली ती शुक्रवार, ५ डिसेंबर १९५२ रोजी. थंडीचा कडाका होता. एरवी जमिनीलगतची हवा उबदार असते, ती वर चढते आणि धूर आपल्याबरोबर घेऊन जाते. त्या दिवशी हा क्रम उलटला. खाली थंड हवा, तिच्यावर उबदार हवेचा थर. जणू शहरावर झाकण ठेवावे तसा. वारा पडलेला. ऐंशी लाखांच्या वस्तीत घरोघर शेगड्या पेटलेल्या. युद्धानंतरची ओढाताण अद्याप संपलेली नव्हती. चांगल्या प्रतीचा कोळसा परदेशी विकला जाई आणि घरांच्या वाट्याला ‘नटी स्लॅक’ नावाचा भुकटीमिश्रित, हलका कोळसा येई. थेम्सच्या काठची वीजघरे आपापला धूर सोडीत होती. त्याच वर्षाच्या जुलैमध्ये शहरातील शेवटच्या ट्रामगाड्या बंद होऊन त्यांच्या जागी डिझेलच्या बसगाड्या आल्या होत्या. ब्रिटिश हवामान खात्याच्या हिशेबाप्रमाणे त्या काळात दररोज सुमारे १,००० टन धुराचे कण व ३७० टन सल्फर डायॉक्साइड लंडनच्या हवेत मिसळत होते, आणि त्या वायूपासून सुमारे ८०० टन गंधकाम्ल तयार होत होते. धुक्याचा प्रत्येक थेंब म्हणजे आम्लाची बारीकशी कुपीच होती.

पाच दिवस शहर चाचपडत चालले. हीथ्रो विमानतळावर जवळजवळ ४८ तास दहा मीटरांपलीकडचे काही दिसत नव्हते. बसगाडीपुढे कंडक्टर हातात दिवा घेऊन पायी चालत, आणि शेवटी बसगाड्याही बंद पडल्या. रुग्णवाहिकेला वाट दाखविण्यासाठी माणूस पुढे धाडावा लागे. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात धुके आत शिरल्यामुळे चालू असलेला संगीत नाटकाचा प्रयोग बंद करावा लागला. अर्ल्स कोर्ट येथे गुरांचे प्रदर्शन भरले होते. बक्षिसासाठी आणलेली काही जनावरे दगावली व काहींना मारून टाकावे लागले. १८७३ च्या प्रसंगाचे हे तंतोतंत प्रतिबिंब होते. गुरांच्या हालांची चर्चा शहरभर झाली. माणसांच्या मरणाची चर्चा नव्हती, कारण कोणी रस्त्यात पडून मरत नव्हते. मरणारे म्हातारे होते, दमेकरी होते, तान्ही मुले होती. ती आपापल्या अंथरुणात, खोकत खोकत, बंद दारांआड गेली. हिवाळ्यात म्हातारे माणूस जायचेच, असे म्हणून शेजाऱ्याने सांत्वन केले असेल, आणि ज्या शेगडीच्या धुराने घात केला तिच्यातच आणखी चार कोळसे टाकून मंडळी ऊब घेत बसली असतील.

९ डिसेंबरला वारा सुटला आणि धुके विरले. यानंतर आकडे बोलू लागले. १३ डिसेंबरला संपलेल्या आठवड्यात बृहत् लंडनमध्ये ४,७०३ मृत्यूंची नोंद झाली. आदल्या वर्षी त्याच आठवड्यात ती १,८५२ होती. श्वासनलिकादाहाने झालेले मृत्यू एका आठवड्यात सुमारे नऊ पटींनी वाढले होते. सरकारी संख्याशास्त्रज्ञ डॉ. लोगन यांनी १९५३ च्या आरंभी ‘लॅन्सेट’मध्ये हा हिशेब मांडला, आणि धुक्यामुळे सुमारे ४,००० माणसे मेली, ही गोष्ट जाहीर झाली. फिर्के यांचे त्रैराशिक २२ वर्षांनी खरे ठरले. किंबहुना ते कमीच पडले.

यावर एक आक्षेप हमखास घेतला गेला. मेलेली माणसे आधीच जर्जर होती. धुके नसते तरी ती आठपंधरा दिवसांत गेलीच असती, असे म्हटले गेले. नोंदवहीने या आक्षेपाचेही उत्तर दिले. ज्यांचे मरण केवळ पंधरा दिवस अलीकडे ओढले गेले अशीच माणसे मेली असती, तर पुढील आठवड्यांत मृत्युसंख्या नेहमीच्या खाली यावयास हवी होती. ती खाली आली नाही. उलट ती कित्येक आठवडे नेहमीपेक्षा वरच राहिली.

या वाढीव आकड्याचे काय करावे, हा सरकारपुढे पेच होता. धुक्यानंतरच्या महिन्यांत सुमारे ८,००० मृत्यू अधिक झाले होते. आरोग्य खात्याच्या १९५४ च्या अहवालाने ते इन्फ्लुएन्झाच्या खाती टाकले आणि धुक्याच्या नावे ४,००० ठेवले. हा विषय जवळजवळ अर्धे शतक तसाच पडून राहिला. २००१ मध्ये मिशेल बेल व देवरा डेव्हिस या दोन अमेरिकन संशोधक स्त्रियांनी त्या हिवाळ्याच्या नोंदी पुन्हा तपासल्या. डेव्हिस यांचे बालपण डोनोरा गावात गेले होते, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. एवढे मृत्यू घडविण्याइतकी इन्फ्लुएन्झाची मोठी साथ त्या वर्षी नव्हती, असे त्यांनी दाखवून दिले. डिसेंबर १९५२ ते फेब्रुवारी १९५३ या काळातील अधिक मृत्यूंची बेरीज त्यांनी सुमारे १२,००० केली. कोळसा उगाळावा तितका काळाच, ही म्हण या प्रकरणी शब्दशः खरी ठरली.

सरकार प्रथम टाळाटाळ करीत होते. कायदे पुरेसे आहेत, असे उत्तर देण्यात येई. लोकमताचा रेटा वाढला तेव्हा जुलै १९५३ मध्ये सर ह्यू बीव्हर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. त्या समितीने, एव्हलिनने ज्या गोष्टीला मोकळे सोडले होते, तीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली. घरगुती शेगड्यांत देशातील कोळशाचा सुमारे पाचवा हिस्सा जळतो, परंतु देशातील जवळजवळ निम्मा धूर त्यांतून निघतो, असे तिने दाखविले. सरकार विधेयक आणीना, तेव्हा जेरल्ड नाबारो या सभासदाने स्वतःचे विधेयक पुढे केले. अखेर ५ जुलै १९५६ रोजी स्वच्छ हवेचा कायदा मंजूर झाला. नगरपालिकांना धूरबंदीचे विभाग ठरविण्याचा अधिकार मिळाला. आणि शेगडी बदलण्याच्या वाजवी खर्चापैकी दहांतील सात हिस्से सार्वजनिक निधीतून देण्याची तरतूद झाली. नुसती मनाई न करता पर्याय दिला व त्याचा खर्चही वाटून घेतला, म्हणून १३०६ च्या राजाज्ञेला जे साधले नाही ते या कायद्याला साधले. तरी ते एका दिवसात झाले नाही. डिसेंबर १९६२ मध्ये पुन्हा एकदा धुके दाटले व शेकडो माणसे मेली. त्यानंतर मात्र तसे काळे धुके लंडनने पाहिले नाही.

हवा स्वच्छ दिसू लागली म्हणजे ती निर्दोष झाली, असा समज होणे स्वाभाविक होते. तो समज पुन्हा नोंदवहीनेच खोडला. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा शहरांतील ८,१११ प्रौढ व्यक्तींचा चौदा ते सोळा वर्षे मागोवा घेतला आणि १९९३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. धूम्रपान इत्यादी कारणांचा परिणाम वजा केल्यानंतरही, सर्वांत मलिन हवेच्या शहरात मृत्यूचे प्रमाण सर्वांत स्वच्छ हवेच्या शहरापेक्षा २६ टक्क्यांनी अधिक आढळले. या शहरांत १९५२ सारखे धुके नव्हते. दोष होता तो अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांचा. मनुष्याच्या केसाची जाडी सुमारे सत्तर मायक्रॉन धरली, तर या कणांच्या सूक्ष्मपणाची कल्पना येईल. मोठी धूळ नाकात व घशात अडते. हे कण थेट वायुकोशांत पोहोचतात, तेथे दाह उत्पन्न करतात, आणि अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, धमन्या कठीण होतात. म्हणून धुराचे बळी केवळ फुप्फुसाच्या रोग्यांत शोधून भागत नाही. हृदयविकार व पक्षाघात यांच्या यादीतही ते सापडतात. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने बाहेरच्या दूषित हवेची गणना कर्करोगाच्या निश्चित कारणांत केली.

हिंदुस्थानातही या हिशेबाचा आरंभ उशिरा का होईना, झाला. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात लालबाग, चेंबूर व खार या तीन वस्त्यांतील आणि तुलनेसाठी एका ग्रामीण भागातील लोकांची तपासणी केली. गिरण्यांच्या व कारखान्यांच्या छायेत राहणाऱ्यांत खोकला व दम लागणे यांचे प्रमाण अधिक आढळले. चुलीच्या धुराची मोजणीही त्याच सुमारास झाली. गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासाबरोबर किती धूर जातो, हे किर्क स्मिथ व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी मोजून १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. ते प्रमाण मोठमोठ्या शहरांच्या हवेतील धुराच्या कित्येक पट होते. धुराने डोळे चोळीत भाकरी थापणारी आजी प्रत्येक मराठी घराच्या आठवणीत आहे. तिचा खोकला हा म्हातारपणाचा मानला गेला. लंडनच्या शेगडीप्रमाणे येथेही चूल ही घराची लक्ष्मी, आणि तिच्यावर आरोप करणे जिवावर येणारे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातील व बाहेरील दूषित हवेमुळे जगात दरवर्षी सुमारे ७० लाख माणसे अकाली मरतात. सूक्ष्म कणांचे वार्षिक सरासरी प्रमाण एका घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅमच्या वर असू नये, असे त्या संघटनेने २०२१ मध्ये सुचविले. भारताने २००९ मध्ये ठरविलेली मर्यादा ४० आहे, आणि उत्तरेकडील अनेक शहरांची हवा तीही मर्यादा ओलांडते. या आकड्यांत भर पडते ती एकट्या गिरणीमुळे नव्हे. मोटारी, वीजघरे, वीटभट्ट्या, बांधकामाची धूळ, शेतातील जाळ, कोपऱ्यावर पेटविलेला कचरा, असे सर्वांचेच हात त्यात काळे झालेले असतात. ज्या गुन्ह्यात सर्वांचा थोडा थोडा वाटा असतो, त्यात आरोपी सापडत नाही. आणि सत्तर लाख हा आकडा इतका मोठा आहे की तो ऐकून कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही.

यासाठीच लंडनमधील एका अलीकडच्या निकालाचे महत्त्व विशेष आहे. शहराच्या आग्नेय भागात, अखंड रहदारीच्या एका रस्त्याजवळ राहणारी नऊ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २०१३ मध्ये दम्याने मरण पावली. तीन वर्षांत पंचविसांहून अधिक वेळा तिला रुग्णालयात न्यावे लागले होते. २०१४ च्या चौकशीत मृत्यूचे कारण तीव्र श्वसनावरोध असे लिहिले गेले. रीतीप्रमाणे धूर सुटला. तिच्या आईने तो निर्णय मान्य केला नाही. साउदम्प्टन विद्यापीठाचे प्राध्यापक स्टीफन होलगेट यांनी मुलीच्या रुग्णालयातील खेपांच्या तारखा आणि जवळच्या मापनकेंद्रातील हवेच्या नोंदी समोरासमोर ठेवल्या. ग्राँटने याद्यांवरून, लोगनने तक्त्यांवरून जे केले, तेच येथे एका लेकराच्या बाबतीत करण्यात आले. उच्च न्यायालयाने पहिली चौकशी रद्द ठरविली, आणि १६ डिसेंबर २०२० रोजी मृत्युचौकशी अधिकाऱ्याने निर्णय दिला की, या मृत्यूला दूषित हवेचाही हातभार लागला होता. मृत्यूच्या दाखल्यावर वैद्यकीय कारण म्हणून दूषित हवेचा उल्लेख होण्याचा ब्रिटनमधील हा पहिलाच प्रसंग होय.

१९५२ च्या त्या पाच दिवसांत मेलेल्या हजारोंपैकी एकाच्याही दाखल्यावर हा शब्द आला नव्हता. त्यांच्या बाजूने बोलली ती केवळ बेरीज. एका आईच्या हट्टाने त्या बेरजेतील एका आकड्यास माणसाचा चेहरा मिळाला, आणि सातशे वर्षांपूर्वीच्या राजाज्ञेपासून चालत आलेले अनुमान सरकारी कागदावर शाईने लिहिले गेले. डोंगरावरचा धूर पाहून अग्नी ओळखणे पाठशाळेतील बालकालाही जमते. शहरावरचा धूर पाहून त्याखालच्या अंथरुणांवर खोकणारी माणसे ओळखणे मात्र अवघड ठरत आले आहे. नोंदवही नीट ठेवली आणि ती वाचण्याची इच्छा असली, तर तेही जमते.